कुंडईहून युरोपला: आमच्या सायकलींचा प्रवास

कुंडईच्या औद्योगिक वसाहतीतील आमचा सायकलींचा कारखाना अनेक वर्षे गोव्यापुरताच होता. पहाटे पाव घेऊन गावोगाव फिरणारे पदेर आणि मासळीवाले हेच आमचे मुख्य गिऱ्हाईक, आणि कॅरिअर वाकू नये, पावसाळ्यात फ्रेम गंजू नये, एवढीच त्यांची मागणी. निर्यातीचा विषय निघाला तेव्हा भारतीय माल स्वस्त म्हणूनच खपतो, असे बहुतेकांनी सांगितले. मला ते पटले नाही, कारण लुधियानाच्या मोठ्या कारखान्यांशी दरात बरोबरी करणे आमच्या आवाक्यातले नव्हते. त्यापेक्षा ओझे पेलणारी आणि खाऱ्या हवेत टिकणारी सायकल तेवढी करावी, असे मी ठरवले.

कागदपत्रांचा लोक फार बाऊ करतात. आयईसी, म्हणजे आयात-निर्यात करणाऱ्याचा नोंदणी क्रमांक, पॅनच्या आधारे मिळतो, जीएसटीचे हमीपत्र दिले की कर न भरता माल पाठवता येतो आणि परकीय चलनाचे व्यवहार करणाऱ्या बँकेचा ओळख क्रमांक, म्हणजे एडी कोड, सीमाशुल्क विभागाकडे नोंदवला की शिपिंग बिलाचे, म्हणजे माल बाहेर पाठवण्याच्या कस्टमच्या कागदाचे, काम पुढे सरकते. जाणकार कस्टम एजंट धरला, तर यात फारसे अडत नाही.

खरा कस लागला तो मानकांपाशी. सायकलींच्या सुरक्षिततेसाठी युरोपात आयएसओ ४२१० हे आंतरराष्ट्रीय मानक पाहिले जाते, आणि त्याच्या व्याप्तीतून माल पोचवण्याच्या सायकली स्पष्टपणे वगळलेल्या आहेत. म्हणजे ज्या सायकलीवर आमचा कारखाना उभा राहिला, तिलाच तिथे जागा नव्हती. ओझ्याच्या सायकलींसाठी जर्मनीत २०२० साली डीआयएन ७९०१० हे वेगळे मानक आले. परंतु आधी लांब पल्ल्याची, भक्कम कॅरिअरची प्रवासी सायकल घेऊन आयएसओच्या चाचण्यांना उतरावे, हा निर्णय मी घेतला आणि तो मला आजही योग्य वाटतो.

फ्रेमच्या एका चाचणीत पेडलवर आलटून पालटून जोर देत १,००,००० आवर्तने पूर्ण करावी लागतात. नळीपेक्षा वेल्डिंगची कडच तिथे आधी हार मानते. आमचे जुने वेल्डर, ज्यांना सारे मामा म्हणतात, नजरेने फ्रेम सरळ लावत आणि ती सरळच येत असे. तरीही मी म्हटले, "मामा, तुम्ही रजेवर असलात तरी फ्रेम अशीच यायला हवी." त्यानंतर जिग, म्हणजे वेल्डिंग करताना नळ्या ठरल्या जागी घट्ट धरणारा साचा, आला. आधी सगळे सांधे वेल्डच्या छोट्या ठिपक्यांनी टाचून घ्यायचे आणि मग समोरासमोरच्या बाजू आळीपाळीने वेल्ड करायच्या, म्हणजे उष्णतेने नळी एका अंगाला ओढली जात नाही, हा क्रम मामांनीच भिंतीवर लिहून लावला. बॉटम ब्रॅकेटखाली, म्हणजे पेडलचा आस बसतो त्या जागेखाली, पाणी निचरण्याचे भोक आणि नळ्यांच्या आतून गंजरोधक मेणाचा फवारा मात्र आम्ही पदेरांसाठी पूर्वीपासूनच करत होतो. परदेशी खरेदीदाराला नेमके तेच सर्वांत आवडले, याची गंमत वाटते.

ब्रेकचा प्रश्न दिसायला किरकोळ होता. आपल्याकडे आणि ब्रिटनमध्ये पुढचा ब्रेक उजव्या हाताला असतो, तर जर्मनी-फ्रान्समध्ये तो डाव्या हाताला लागतो. त्यामुळे केबलची लांबी आणि वळण दोन्ही बदलतात, म्हणून जोडणीचे दोन वेगळे तक्ते करावे लागले.

युरोपीय संघाने १९९३ पासून चिनी सायकलींवर अँटी-डंपिंग शुल्क, म्हणजे अवाजवी स्वस्त आयात रोखण्याचा जादा कर, लावले असून ते ४८.५ टक्क्यांपर्यंत जाते. साहजिकच सायकल मुळात चिनी तर नाही ना, या शंकेने आयातदार आधी सुटे भाग कुठले, हे विचारतो. १३ डिसेंबर २०२४ पासून लागू झालेल्या उत्पादन-सुरक्षा नियमांनुसार युरोपीय संघात जबाबदार व्यक्ती किंवा संस्था असणेही आवश्यक आहे. आमच्यासाठी ती जबाबदारी आयातदाराने घेतली. त्या बदल्यात प्रत्येक फ्रेम क्रमांकासमोर नळीची खेप, वेल्डर आणि रंगाची तारीख लिहिलेली वही त्याने मागितली.

सायकल कोणाच्या नावाने विकायची, हा प्रश्न शेवटी आला. तैवानची जायंट कंपनी १९७२ साली सुरू झाली, अमेरिकेच्या श्विनसाठी सायकली बनवत मोठी झाली आणि १९८६ साली स्वतःच्या नावाने नेदरलँड्समध्ये उतरली. दुसऱ्याच्या नावावर माल देण्यात मलाही कमीपणा वाटत नाही, कारण त्या ऑर्डरींतूनच जिगचा खर्च निघाला. मात्र प्रवासी सायकल आमच्याच नावाने जाईल, ही अट मी करारात घालून घेतली आणि त्यासाठी दर थोडा उतरवला.