८६० फायली दिल्या, १२०४ बाहेर आल्या

सुरुवात मी हातानेच केली होती, खोटं कशाला बोलू. फाइल उघडायची, सेव्ह अ‍ॅज, पीडीएफ निवडायचं, सेव्ह, बंद, पुढची. ऑफिसातली सगळी जुनी पत्रं, इतिवृत्तं, अहवाल वर्डमध्ये होते, वर्षवार फोल्डर, फोल्डरात फोल्डर, आणि सगळ्याचं पीडीएफ करून पाहिजे होतं. मोजलं तर वर्डच्या जुन्या प्रकारच्या डॉक फायली ८६० आणि नव्या प्रकारच्या डॉकएक्स ४५२, म्हणजे १३१२. जेवणाच्या सुट्टीपर्यंत माझ्या झाल्या होत्या ६४ आणि मनगट दुखायला लागलं होतं ते वेगळंच.

मग एका मित्राला फोन केला, त्याला असल्या गोष्टींची आवड आहे. तो आधी पोटभर हसला आणि म्हणाला, अगं बॅच फाइल लिही की, चार ओळींचं काम आहे. बॅच फाइल म्हणजे काही भारी प्रकरण नाही, विंडोजच्या कमांड प्रॉम्प्ट नावाच्या काळ्या खिडकीत एकेक करून ज्या कमांड टाइप करायच्या त्याच नोटपॅडमध्ये ओळीने लिहायच्या आणि फाइलचं एक्स्टेंशन, म्हणजे नावातलं टिंबापुढचं शेपूट, बॅट ठेवायचं, डबल क्लिक केलं की विंडोज त्या ओळी वरून खाली चालवत जातो. विंडोजच्याही आधीच्या डॉसच्या काळापासूनची गोष्ट आहे ही, अजून चालते. कन्व्हर्ट करायला लिब्रेऑफिस, म्हणजे वर्डच्या फायली उघडणारं एक फुकट सॉफ्टवेअर, कारण ते हेडलेस म्हणजे खिडकी न उघडता मागच्या मागे चालवता येतं, फाइलचं नाव द्यायचं आणि पीडीएफ कर म्हणायचं.

चार ओळी. त्या चार ओळींनी माझे अडीच दिवस खाल्ले.

पहिला तास तर कशात गेला सांगू का, नोटपॅडने फाइल सेव्ह करताना शेवटी गुपचूप टीएक्सटी चिकटवलेलं होतं. विंडोज एक्स्टेंशन लपवून ठेवतो ना, त्यामुळे मला नाव बरोबर दिसतंय, डबल क्लिक केलं की नोटपॅडच उघडतंय. मी आपली परत परत क्लिक करतेय. ते निस्तरल्यावर काळी खिडकी आली, पण डोळ्याची पापणी लवेपर्यंत गायब. मित्र म्हणाला शेवटच्या ओळीत पॉज लिही, म्हणजे ती थांबेल आणि काय रडतेय ते वाचता येईल. वाचलं तर 'अनएक्स्पेक्टेड अ‍ॅट धिस टाइम'. म्हटलं मलाही सगळं अनएक्स्पेक्टेडच आहे बाई. तर कारण असं की फॉर नावाची जी कमांड फोल्डरातली एकेक फाइल उचलून देते, तिच्यात त्या उचललेल्या फाइलसाठी एक अक्षर ठरवायचं असतं आणि त्याच्या आधी टक्क्याचं चिन्ह. काळ्या खिडकीत थेट टाइप केलं तर चिन्ह एकच, पण बॅच फाइलमध्ये लिहिलं तर दोन. मी जिथून बघून लिहिलं तिथे एकच होतं.

मग नावातल्या मोकळ्या जागा. आमच्याकडे फायलींची नावं म्हणजे 'पत्र दुसरं सुधारित अंतिम' अशी, आणि कमांडला मोकळी जागा दिसली की तिला वाटतं इथे नाव संपलं, म्हणजे ती शोधायला जाणार 'पत्र' नावाची फाइल. नावाला दोन्हीकडून अवतरण चिन्हं घालायची, सुटला प्रश्न. इथे मित्राने एक फार कामाची गोष्ट सांगितली, खऱ्या कमांडच्या आधी एको हा शब्द टाक, म्हणजे ती कमांड चालणार नाही, नुसती पडद्यावर छापली जाईल. काय होणार आहे ते आधी वाचायचं, पटलं की एको काढायचं. हे मला पहिल्या तासात माहीत असतं तर...

सगळं नीट दिसतंय म्हणून एको काढलं आणि चालवलं. एका मिनिटात सगळं खलास, एरर नाही, काही नाही, आउटपुटचा फोल्डर रिकामा. अर्धा तास मी ओळ न ओळ तपासली. शेवटी कळलं की तपासायला म्हणून उघडलेली एक फाइल लिब्रेऑफिसमध्ये मागे तशीच उघडी होती, आणि ते आधीच चालू असलं की नवीन कमांड त्या चालू असलेल्याकडेच जाते आणि माझ्या बाबतीत तरी तिथेच विरून जात होती. खिडकी बंद केली, चालवलं, आणि पीडीएफ पडायला लागल्या. एकेक फाइलला साधारण ५ सेकंद. मी चहा घेऊन नुसती बघत बसले, खरंच बघण्यासारखं होतं ते.

आता गंमत ऐका. या फेरीत मी फक्त जुन्या डॉक फायली सांगितल्या होत्या, स्टार डॉट डॉक, स्टार म्हणजे नाव कुठलंही चालेल, म्हणजे ८६०. डॉकएक्स दुसऱ्या फेरीत करायचं ठरवलेलं. संध्याकाळी आउटपुट फोल्डर बघते तर १२०४ पीडीएफ. सर तेव्हाच आले, म्हणाले झालं का गं, मी म्हटलं सर, जरा जास्तच झालंय.

हे कोडं सोडवायला दुसरा दिवस लागला. विंडोज लांब नावाच्या फाइलला आतून एक आखूड नावही ठेवू शकतो, जुन्या डॉसच्या पद्धतीचं, ८ अक्षरं नाव आणि ३ अक्षरं एक्स्टेंशन. डॉकएक्समध्ये ४ अक्षरं, म्हणून आखूड नावात शेवटचं एक्स गळतं आणि उरतं डॉक. आणि स्टार डॉट डॉक शोधताना विंडोज ती आखूड नावंही बघतो. म्हणजे डॉकएक्ससुद्धा पहिल्याच फेरीत जाऊन आल्या होत्या. मी खूश, दुसरी फेरी वाचली! रात्री घरी भांडी घासताना डोक्यात आलं, अगं पण मग १३१२ पाहिजेत ना. १२०४ कशा?

१०८ फायली कमी, आणि काळ्या खिडकीत तक्रारीचा एक शब्द नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी कागद घेऊन बसले. झालं होतं असं, प्रत्येक वर्षाच्या फोल्डरात 'जानेवारी इतिवृत्त' आहे, आणि मी सगळ्या पीडीएफ एकाच फोल्डरात टाकायला सांगितल्या होत्या, म्हणजे दुसऱ्या वर्षाचं जानेवारी पहिल्या वर्षाच्या जानेवारीवर जाऊन बसलं, तिसऱ्याचं दुसऱ्यावर. अशा ७१ गेल्या. शिवाय काही ठिकाणी एकाच फोल्डरात एकाच नावाची डॉकही होती आणि डॉकएक्सही, दोघींची पीडीएफ एकाच नावाची, त्यात २८ गेल्या. मूळ फायली जागच्या जागी होत्या म्हणून निभावलं. ओरिजनल डिलीट करायची ओळ मी त्याच बॅच फाइलमध्ये घालणार होते, जागा वाचेल म्हणून. अंगावर काटा येतो आता.

उपाय म्हणजे पीडीएफ मूळ फाइलच्या शेजारीच ठेवायची. टक्के, टिल्ड, डी, पी असं काहीतरी लिहिलं की त्या फाइलचा फोल्डर मिळतो. पण त्या पत्त्याच्या शेवटी उलटी तिरकी रेघ येते, आणि तिच्या लगेच पुढे अवतरण चिन्ह आलं की प्रोग्रॅम समजतो हे चिन्ह नावाचाच भाग आहे, आणि पुढची सगळी कमांड फिसकटते. यावर तोडगा काय तर मध्ये एक टिंब. नुसतं एक टिंब! टिंब म्हणजे 'हाच फोल्डर', पत्ता बदलत नाही पण रेघ आणि चिन्ह एकमेकांपासून सुटतात. हे मला स्वतःला सुचलं नसतं, मित्राचंच. जोडीच्या फायलींसाठी एक्स्टेंशन तपासणारी एक इफची ओळ घातली आणि डॉकपासून झालेल्या पीडीएफच्या नावाला शेपूट लावलं.

आणि शेवटची ओळ माझी स्वतःची, तिचा मला अभिमान आहे. कन्व्हर्ट झाल्यावर ती पीडीएफ खरंच तिथे आहे का बघायचं आणि नसेल तर मूळ फाइलचं नाव एका यादीत लिहायचं. ती यादी पहिल्यांदा उघडली तर सगळी मराठी नावं म्हणजे नुसती प्रश्नचिन्हांची रांग, मग वरती कोडपेज, म्हणजे अक्षरं कुठल्या पद्धतीने वाचायची-लिहायची तो क्रमांक, ६५००१ (युनिकोडचा) करणारी ओळ टाकली तेव्हा नावं दिसली.

जुन्या पीडीएफ सगळ्या उडवून नव्याने चालवलं, पावणेदोन तास. १३०३ आल्या, यादीत ९. नऊच्या नऊ पासवर्ड घातलेल्या, म्हणजे आधीच्या १०८ मधल्या ७१ आणि २८ सोडून उरलेल्या त्या याच. अधूनमधून तीसेक पीडीएफ उघडून बघितल्या, त्यात दोनमध्ये मजकुराच्या जागी भलतीच अक्षरं निघाली, कारण त्या जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टमध्ये टाइप केलेल्या होत्या आणि तो फॉन्ट माझ्या मशीनवर नव्हता. फॉन्ट शोधून टाकला, तो वापरलेले फोल्डर तेवढे परत चालवले.

नऊची यादी घेऊन सरांकडे गेले. पासवर्ड कोणी घातले कोणालाच आठवेना. सर म्हणाले, ते तुझं ते बॅच का काय, ते पासवर्ड पण काढतं का गं?