तुम्ही विचारलंत म्हणून: मोठ्या नावाच्या कॉलेजात खरंच चांगलं शिकवतात का?

चवथीला घरी माणसं येतात, गणपतीवरच्या फळापानांच्या माटोळीखाली बसून नेवऱ्या (करंज्या) खातात आणि दुसऱ्या नेवरीला हा प्रश्न येतोच. शाळेत पालक विचारतात, "मॅडम, चलयेक भायर धाडूं काय?", म्हणजे मुलीला बाहेर पाठवू का? यंदा भावोजींनी विचारलं, त्यांची मुलगी बारावीला आहे. "वहिनी, तुम्ही दोन्हीकडे शिकलात, खरं सांगा, त्या नावाच्या कॉलेजात खरंच शिकवतात की नुसता गाजावाजा?" तेव्हा आरती सुरू झाली आणि उत्तर राहिलं, ते आता लिहिते.

मी बीएस्सी इथेच गोव्यात केलं, फिजिक्स, शेवटच्या वर्षाला आम्ही चौदाजण. एमएस्सी मुंबईच्या एका फार मोठ्या नावाच्या संस्थेत, नाव सांगत नाही, कारण पुढे थोडी तक्रार आहे.

इथल्या कॉलेजात आम्हाला कर्ल शिकवणारे सर होते. कर्ल म्हणजे प्रवाहात कुठे किती फिरणं आहे ते सांगणारी, व्हेक्टर कॅल्क्युलसमधली ती गोष्ट जी पोरं पाठ करून पास होतात आणि विसरतात. मला काही केल्या कळेना, पाणी सरळ वाहत असेल तर त्यात फिरणं कुठून आलं? जुलैचा महिना होता, सर म्हणाले चला, आणि छत्र्या घेऊन कॉलेजमागच्या व्हाळाकडे, म्हणजे ओढ्याकडे, घेऊन गेले. केरसुणीतून माडाचे दोन हीर काढून आणले होते, ते अधिकच्या चिन्हासारखे दोऱ्याने बांधले आणि काठाजवळ पाण्यात सोडले. पाणी सरळच चाललेलं, पण काठाला हळू आणि मधे जोरात, त्यामुळे ते हीर पुढे जाता जाता स्वतःभोवती गिरकी घ्यायला लागले. मग दुसरी जोडी बरोबर मधोमध सोडली, ती जवळजवळ न फिरता सरळ गेली. सर एवढंच म्हणाले, "बघितलंस मगो?" आज मी बारावीला शिकवते, कर्ल आमच्या पोर्शनमध्ये नाही, तरी पावसाळ्यात एकदा तरी हे करून दाखवतेच.

आता मुंबई. तोच विषय, सत्तरएक मुलं, शिकवणारे प्रोफेसर रिसर्चमध्ये खरोखर मोठे, त्यात वाद नाही. पण वर्गात स्लाइड्स लावायच्या, तोंड भिंतीकडे, आणि जिथे आम्ही अडकायचो तिथे नेमकं "हे उघड आहे" म्हणून पुढची स्लाइड. एकदा मी धीर करून विचारलं तर म्हणाले पुस्तकात बघ. ट्युटोरियल पीएचडीची पोरं घ्यायची, त्यांना बिचाऱ्यांना स्वतःचीच थिसीस पुरी करायची घाई. शिकवणं म्हणाल तर आमच्या व्हाळाकाठच्या सरांच्या पासंगालाही नाही.

पण थांबा, इथेच उत्तर संपत नाही, कारण पहिल्या क्विझमध्ये मला २० पैकी ४ मिळाले. गोव्यात मी डिस्टिंक्शनवाली, आणि का होते ते मला तिथे कळलं, इथे प्रश्न दोन-तीन वर्षांनी फिरून यायचे आणि मी जुने पेपर घोकलेले. तिथे पाच गणितांचा कागद यायचा आणि त्यातलं एकही कुठल्या पुस्तकात सापडायचं नाही. रात्री मेसच्या बाहेर पायऱ्यांवर आम्ही पाच-सहाजण दोन-दोन वाजेपर्यंत, बिहारहून आलेला एक मुलगा मेसच्या बिलामागे काहीतरी खरडायचा आणि पेन्सिल माझ्या हातात देऊन म्हणायचा, आता तू कर. मला फिजिक्स त्या पायऱ्यांवर आलं. प्रोफेसरांचा वाटा त्यात एवढाच की कागद त्यांनी काढला होता. अर्थात हेही काही कमी नाही म्हणा.

म्हणून माझं म्हणणं असं की या कॉलेजांना जे नाव मिळतं ते शिकवण्याबद्दल मिळत नाही, ते दारावर मिळतं. २०२४ ला जेईई मेनला चौदा लाखांच्या आसपास मुलं बसली आणि सगळ्या आयआयटी मिळून जागा साडेसतरा हजारांच्या वर थोड्या. एवढी चाळून घेतलेली पोरं चार वर्षांनी हुशार निघाली तर त्यात नवल काय? बाजारातले उत्तम मानकुराद आंबे निवडून पेटीत भरायचे आणि मग पेटीची तारीफ करायची, तसं हे.

पटत नसेल तर फोंड्याजवळ फर्मागुडीला जा. १९६७ ला सुरू झालेलं आपलं गोवा इंजिनीअरिंग कॉलेज (जीईसी) तिथे, २०१० ला एनआयटी आली ती त्याच आवारात, नंतर कुंकळ्ळीला गेली. २०१६ ला आयआयटी आली तीही तिथेच. स्वतःच्या कॅम्पससाठी सत्तरी तालुक्यात शेळ-मेळावलीला जागा बघितली तर लोक विरोधात उठले, २०२१ च्या जानेवारीत सरकारने माघार घेतली. तेव्हा सांगायचं काय, एकच टेकडी, तोच पाऊस, आणि आयआयटीची पहिली बॅच बाहेर पडायच्या आधीच तिचं नाव मोठं, जुन्या कॉलेजचं नाव मात्र पन्नास वर्षं इंजिनीअर घडवूनही "आपलं जीईसी" एवढंच. शिकवण्यावरून नाव मिळत असतं तर निदान एक बॅच पास व्हायची तरी वाट बघितली असती ना लोकांनी?

सरकारचं एनआयआरएफ रँकिंग आहे ना, ते तरी नीट वाचा. त्यात प्राध्यापक किती, पीएचडी किती, पैसा किती खर्च केला, पेपर किती छापले हे सगळं मोजतात, आणि शंभरातले १० मार्क चक्क परसेप्शनला, म्हणजे लोकांना काय वाटतं त्याला. नाव आहे म्हणून मार्क, मार्क आहेत म्हणून नाव. वर्गात मागच्या बाकावर बसून कोणी बघत नाही.

अमेरिकेत याचा नीट अभ्यास झालाय. स्टेसी डेल आणि अ‍ॅलन क्रूगर यांनी २००२ मध्ये छापलेला, १९७६ ला कॉलेजात गेलेल्या मुलांवरचा. ज्यांना फार नावाजलेल्या कॉलेजात अ‍ॅडमिशन मिळत होती पण जी तिथे न जाता साध्या कॉलेजात गेली, त्यांची पुढची कमाई तिथे गेलेल्यांइतकीच निघाली. फक्त गरीब घरच्या मुलांना मोठ्या कॉलेजचा खरा फायदा झाला. मला हे लगेच पटलं. ज्याच्या घरात कोणाची ओळखपाळख नाही त्याला ते नाव आणि त्या पायऱ्यांवरची सोबत लागते. भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, मुलाला दार उघडायला माणसं असतातच. त्यामुळे माझ्या वर्गातली एखादी हुशार मुलगी, बाप बार्जवर कामाला, मोठ्या ठिकाणी नंबर लागला तर मी म्हणते डोळे झाकून जा, आणि शिकवणं वाईट असेल तर एनपीटीईएलच्या साइटवर आयआयटीच्याच चांगल्या सरांची लेक्चर्स फुकट आहेत ती बघ.

कठीण पेपरचं मी एवढं कौतुक केलं खरं, पण तेही सगळीकडे मिळेल असं नाही. हार्वर्डमध्ये सगळ्यात जास्त दिला जाणारा ग्रेड 'ए' आहे हे २०१३ साली तिथल्याच डीननी सांगितलं होतं. आणि हार्वर्डचं निघालंच तर आपले बौद्ध धर्माचे अभ्यासक धर्मानंद कोसंबी आठवतात, सांकवाळचे, जिथे आज बिट्सचा कॅम्पस आहे. कॉलेजची पदवी नाही, पाली शिकायला वणवण फिरलेले, आणि १९१० मध्ये विसुद्धिमग्ग या पाली बौद्ध ग्रंथाच्या कामाला हार्वर्डने बोलावलं. मुलगा दामोदर मात्र रीतसर हार्वर्डचाच पदवीधर, १९२९ चा.

बरं, भावोजींना काय सांगितलं? म्हटलं, ब्रोशर फेकून द्या, कॉलेजच्या गेटासमोर झेरॉक्सवाला असतो त्याच्याकडे जा आणि लेकीला घ्यायचाय त्या विषयाचे मागच्या चार वर्षांचे पेपर मागा. त्याच्याकडे गठ्ठे बांधून ठेवलेले असतात. परवा फोन आला, मागे मशीनचा खरखर आवाज. "वहिनी, २०२२ चा आणि २०२४ चा तिसरा प्रश्न शब्दाला शब्द सेम आहे." कुठलं कॉलेज विचारलं. त्यांनी जे नाव घेतलं त्यावर मी एवढी हसले की आतून सासूबाई बघायला आल्या.