अभयारण्याला विरोध का केला, तुम्ही विचारलंत म्हणून

मालवण जेटीवरून होडी सुटली की सिंधुदुर्ग किल्ला यायच्या आत हा प्रश्न येतोच. पुण्याचे पाहुणे असोत नाहीतर फॉर्म भरून घ्यायला आलेली एमएस्सीची पोरं, "काका, समुद्र वाचवायलाच मालवणचं सागरी अभयारण्य केलं ना, मग तुम्ही मच्छीमारच विरोध का करता?" मी हसतो आणि इंजिनचा आवाज वाढवतो. आज बसून लिहितोय, एकदाच काय ते.

आधी एक सांगतो, आम्ही कायदा नको म्हणणारे लोक नाही. कायदा करा, कायदा करा म्हणून रस्त्यावर कोण उतरलं? रापणवाले, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढणारे, आणि छोट्या होडीवालेच ना. पर्ससीनवर, म्हणजे माशांचा अख्खा थवा एका जाळ्यात वेढून उचलणाऱ्या बोटींवर, २०१६ ला निर्बंध आले, २०१७ ला केंद्राने एलईडी दिव्यांचा उजेड पाडून मासे मारायला बंदी घातली, राज्याचा १९८१ चा मासेमारी कायदा २०२१ ला बदलला आणि एलईडीवाल्याला ५ ते २० लाखांपर्यंत दंड ठेवला, यातलं काहीच कोणाला झोपेतून उठून सुचलेलं नाही. त्यामुळे "तुम्हाला पर्यावरणाचं काही पडलेलं नाही" असं कोणी म्हटलं की माझं डोकं फिरतं.

अभयारण्याचं वेगळं होतं. १३ एप्रिल १९८७ ला जाहीर झालं, २९.१२ चौरस किलोमीटर, त्यात किल्ला आणि शेजारच्या पद्मगड बेटाच्या आसपासचा तीनेक चौरस किलोमीटर गाभा, म्हणजे सगळ्यात कडक राखायचा भाग. वन्यजीव कायदा १९७२ चा, जंगल डोळ्यासमोर ठेवून केलेला. जंगलात निदान पाटी ठोकता येते. समुद्रात अभयारण्य करायचं तर आधी स्थानिक मच्छीमारांच्या धंद्याचं बघा, हे त्या कायद्यात आलं १९९१ च्या दुरुस्तीत. म्हणजे अभयारण्य आधी आणि आमची आठवण चार वर्षांनी. हे मला फार उशिरा कळलं, बैठकांत ओरडायचो तेव्हा माहीत नव्हतं, तेव्हा नुसता घसा होता.

पण खरं कारण हे पण नाही.

पंधराएक वर्षं झाली असतील, डिसेंबर होता. बाबांनी कर्ज काढून नवं जाळं केलं होतं, महिनाभर ओसरीवर बसून शिसं आणि बोये, म्हणजे जाळं तरंगवणारे गोळे, बांधत होते, मी सुईत दोरा भरून द्यायचो. पहिल्याच आठवड्यात रात्री दोनच्या सुमाराला बाहेरचा एक हायस्पीड ट्रॉलर, म्हणजे मागे जाळं ओढत नेणारी मोठी बोट, आमच्या जाळ्यावरून गेला. बॅटरी हलवली, बोंब मारली, त्याच्या इंजिनापुढे कोणाला काय ऐकू जाणार. उजाडल्यावर ओढायला घेतलं तर दोर हलका लागला, वजन हाताला आधी कळतं. दोर, चार बोये आणि चिंध्या. बाबा एक शब्द बोलले नाहीत, चिंध्या गोळा करून त्यांनी गोणीत भरल्या आणि ती ओली गोणी घेऊन आम्ही एका ऑफिसात तक्रार द्यायला गेलो.

तिथल्या साहेबाने बोटीचा नंबर विचारला. रात्री नंबर कुठला दिसतो? मग म्हणाला, "जाळं होतं कुठे? अभयारण्याच्या हद्दीत की बाहेर?" बाबांना जागा माहीत होती, किल्ल्याचा बुरूज आणि मागचा डोंगर अमुक ओळीत आले की जाळं सोडायचं, आजोबांपासूनची खूण. पण ती ओळ नकाशात कुठे बसते ते बाबांना माहीत नाही आणि त्या साहेबालाही नाही. गोणीतलं पाणी फरशीवर ठिबकत होतं, शिपाई त्याकडेच बघत होता. मी बाबांच्या कानात म्हटलं, बाहेर होतं म्हणून सांग. कारण आत म्हटलं तर आत तू काय करत होतास हा पुढचा प्रश्न, आणि बाहेर म्हटलं तर निदान तक्रार तरी लिहून घेतील. बाबा मोठ्याने म्हणाले, "खोटा कित्याक सांगू? हद्द खय आसा ती तुमी येऊन दाखवा." साहेबाने पेन बंद केलं.

ट्रॉलर सापडला नाही, कर्ज मात्र पाच वर्षं फेडलं. आणि राग ट्रॉलरवर राहिला नाही, तो त्या "हद्द" शब्दावर जाऊन बसला. पुढच्या बैठकीत अभयारण्य रद्द करा म्हणून सगळ्यात मोठा आवाज माझा होता.

आता तुम्ही म्हणाल, चूक त्या साहेबाची, अभयारण्याची कशी? बरोबर आहे. मलाही आता तसंच वाटतं, आठवड्यातून तीन दिवस. त्या जागी खरंच गस्त असती तर ट्रॉलर आत आलाच नसता, मग जास्त अभयारण्य हवं होतं की कमी? तेव्हाच्या मला हे विचारलं असतं तर त्याने कॉलर धरली असती.

आणि एक सांगायचं राहिलंय, जे मी होडीत सांगत नाही. जाळं गेल्यावर मी पाहुण्यांची होडी धरली. स्नॉर्कलिंग जोरात होतं, एका फेरीत मासळीच्या दोन दिवसांचे पैसे. एकदा नांगर वर ओढला तर त्याच्या दाताला प्रवाळाचा तुकडा, तळहाताएवढा, तपकिरी, अजून बुळबुळीत, म्हणजे जिवंत. त्याच वन्यजीव कायद्यात प्रवाळ पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाच्या रांगेत. एका बाईने विचारलं, "हे घरी न्यायला मिळेल का?" मी तो पाण्यात टाकला. कायदा म्हणून नाही, लाज वाटली म्हणून. दुसऱ्याच्या जाळ्याचा आस, म्हणजे भोकाचं माप, मोजा म्हणून बोंबलणारा मी, माझा नांगर कोण मोजणार?

मग आता बाजूने की विरोधात? बाबा गेले, त्यांना विचारता येत नाही. हद्दीवर बोये लावा, आतल्या रापणीचं काय ते स्पष्ट लिहून द्या, गस्तीची बोट द्या, मग मी सही करीन असं मी म्हणतो. पण गस्त आली तर पहिली माझीच होडी अडवतील हे मला माहीत आहे. हल्ली नांगर वाळूत टाकतो, दोर लांब सोडतो. दिवाळीच्या सुट्टीत एकाच खडकाभोवती सगळ्या होड्या लागतात, वाळूत जागा उरत नाही. तेव्हा मी काय करतो ते विचारू नका.