लोणारच्या विवरात एक दिवस : पाण्याआधी खडक पाहावा

बुलढाणा जिल्ह्यातील लोणारला येणारे बहुतेक प्रवासी काठावरून सरोवराचा रंग पाहतात, छायाचित्रे घेतात आणि तासाभरात परततात. आम्ही डिसेंबरमध्ये एक पूर्ण दिवस केवळ विवराच्या खडकांसाठी राखून ठेवला होता आणि पुढे जाणाऱ्यांनीही तसेच करावे, असे मला मनापासून वाटते.

विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर असून दख्खनच्या काळ्या बेसाल्टमध्ये, म्हणजे लाव्हा थिजून बनलेल्या खडकात, उल्कापाताने ते तयार झाले. बेसाल्टमधील आघातविवरे जगात मोजकीच असल्याने चंद्र आणि मंगळ यांच्या अभ्यासकांना या जागेचे विशेष महत्त्व वाटते. ते ज्वालामुखीचे मुख असावे असा समज दीर्घकाळ होता. परंतु १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात येथील खडकात मॅस्केलिनाइट, म्हणजे प्रचंड आघातानेच घडणारी काच, आढळल्याचे मांडले गेले. वयाबद्दल मात्र एकमत नाही : एका पद्धतीने ते सुमारे ५२ हजार वर्षे भरते, तर दुसऱ्या पद्धतीने सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे.

सकाळी लवकर आम्ही गोमुखाजवळून उतरायला सुरुवात केली. स्थानिक लोक या ठिकाणाला ‘धार’ म्हणतात. येथे गोड्या पाण्याचा झरा बारमाही वाहतो, तर खाली सरोवराचे पाणी इतके अल्कधर्मी आहे की त्याचा सामू (pH) १० च्या आसपास असतो. उतरताना घाई करू नये, कारण खरी पाहण्याची गोष्ट उताराच्या भिंतीतच आहे. लाव्ह्याचे पाच-सहा थर एकावर एक दिसतात, आणि काही ठिकाणी दोन थरांच्या मध्ये तांबड्या मातीची पट्टी असते. एक लाव्हा थंड झाल्यावर त्याचा पृष्ठभाग ऊन-पावसाने झिजून माती झाली आणि नंतरच्या लाव्ह्याने ती झाकली, एवढा प्रदीर्घ काळ त्या बोटभर ते हातभर पट्टीत साठलेला आहे.

काठाजवळचे थर आडवे नसून बाहेरच्या बाजूला कललेले आहेत, हे आमच्या वाटाड्या काकांनी काठीने दाखवले. महाराष्ट्राच्या पठारावर लाव्ह्याचे थर बहुधा सपाट असतात. येथे ते आघाताने उचलले गेले आणि उडालेला दगडगोटा त्यांवर येऊन पडला, म्हणून काठ आसपासच्या जमिनीपेक्षा सुमारे २० मीटर उंच आहे. काठावर उभे राहून बाहेरची तूर-कपाशीची शेते खाली दिसतात, तेव्हा हे सहज पटते.

तळाशी वेड्या बाभळीचे दाट रान आहे. मोर आणि वानरे दिसतात, जुनी देवळे लागतात. पावसाळ्यानंतर पाणी वाढले की सरोवराकाठची पायवाट पाण्याखाली जाते, तेव्हा कमळजा देवीच्या देवळापर्यंत पोहोचता येईलच असे गृहीत धरू नये. उतरण्यापूर्वी वन विभागाच्या कर्मचाऱ्यांना विचारावे. वाटाड्या अवश्य घ्यावा, कारण रानात वाटा फुटतात आणि खडकांच्या जागा त्यालाच ठाऊक असतात.

दहा-साडेदहाच्या आत वर चढून यावे. कडेने वेढलेल्या तळाशी वारा फारसा पोहोचत नाही आणि ऊन चढले की दमछाक होते. मार्च ते मे या काळात तर हा बेत करूच नये. प्रत्येकाने किमान दोन लिटर पाणी, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि काट्यांना दाद न देणारे जाड तळाचे बूट घ्यावेत. खाली काही मिळत नसल्याने भाकरी-ठेचा बांधून न्यावा. उरलेसुरले मात्र परत आणावे, कारण हे अभयारण्य आहे आणि २०२० पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागाही आहे. येथील दगड नमुना म्हणूनही उचलू नये.

दुपारी गावातील दैत्यसूदन मंदिर पाहून विश्रांती घ्यावी आणि चारनंतर काठावरून फिरावे. पूर्ण फेरी साधारण सहा किलोमीटरची भरते, परंतु झुडपे वाढलेली असल्यास अर्धीच करावी. तिरप्या उन्हात समोरच्या भिंतीतील थर सकाळपेक्षा अधिक स्पष्ट दिसतात, म्हणून दुर्बीण असेल तर ती याच वेळेसाठी जवळ ठेवावी. रेल्वेने येणाऱ्यांना जालना सोयीचे पडते, मेहकरहून एस.टी. मिळते, पण परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ सकाळीच स्थानकावर विचारून घ्यावी.