वेत्स्लार जिल्ह्याच्या मागावर: लान नदीकाठचे दोन दिवस

जर्मनीतील वेत्स्लारच्या रेल्वे स्थानकाबाहेर उभ्या असलेल्या मोटारींच्या क्रमांकपट्ट्या पाहिल्या, तर काहींची सुरुवात 'एलडीके' या अक्षरांनी होते आणि काहींची 'डब्ल्यूझेड' या अक्षरांनी. पहिली अक्षरे आजच्या लान-डिल जिल्ह्याची आहेत. दुसरी मुळात वेत्स्लार जिल्ह्याची, म्हणजे 31 डिसेंबर 1976 रोजी संपलेल्या एका जिल्ह्याची. हा जिल्हा आज कोणत्याही नकाशावर सापडत नाही. तरीही त्याची सीमा कोठे होती, हे जागोजागी दिसते असे वाचनात आले होते. ते स्वतः पाहावे या हेतूने मे महिन्यात मी दोन दिवस लान नदीच्या खोऱ्यात काढले. त्याच वाटेने कोणाला जायचे असेल, तर उपयोग व्हावा म्हणून हा वृत्तांत तपशिलाने लिहीत आहे.

फ्रँकफुर्टच्या मुख्य स्थानकावरून गीसेनमार्गे झीगेनकडे जाणाऱ्या प्रादेशिक गाडीने साधारण तासाभरात वेत्स्लारला पोहोचता येते. या गाड्यांना देशभर चालणारे मासिक डॉइचलांड-तिकीट चालते; 2025 मध्ये त्याची किंमत 58 युरो होती. एका दिवसापुरते जायचे असल्यास आणि सोबत दोन-तीन जण असल्यास हेसेन राज्याचे एक दिवसाचे सामूहिक तिकीट स्वस्त पडते. सोमवार शक्यतो टाळावा, कारण जर्मनीतील बहुतेक संग्रहालये त्या दिवशी बंद असतात. रविवारी दुकाने बंद असल्यामुळे खाण्यापिण्याचे सामान आदल्या दिवशी घेऊन ठेवावे.

स्थानकापासून जुन्या गावाकडे चालत जावे. लान नदीवरचा जुना दगडी पूल मध्ययुगीन आहे, आणि तो ओलांडला की चढ सुरू होतो. गल्ल्या दगडी फरशीच्या आणि तीव्र उताराच्या असल्याने पायात घट्ट जोडे हवेत. चढावर मध्यभागी वेत्स्लारचे मोठे चर्च लागते. बांधकाम तेराव्या शतकात सुरू झाले आणि पूर्ण कधीच झाले नाही. पश्चिमेच्या दर्शनी भागातील एक मनोरा अर्धवटच राहिला आहे. धर्मसुधारणेच्या काळापासून या एकाच वास्तूत कॅथलिक आणि प्रोटेस्टंट असे दोन्ही पंथ उपासना करीत आले आहेत.

जिल्ह्याचा इतिहास समजून घ्यायचा, तर आधी जिल्हा नव्हता तेव्हाचे वेत्स्लार समजून घ्यावे लागते. हे शहर थेट सम्राटाच्या अधीन असलेले स्वतंत्र नगर होते. 1689 मध्ये फ्रेंच सैन्याने स्पायर शहर जाळल्यानंतर पवित्र रोमन साम्राज्याचे सर्वोच्च न्यायालय, म्हणजे राइखस्कामरगेरिष्ट, येथे आले आणि 1806 मध्ये साम्राज्य संपेपर्यंत येथेच राहिले. जर्मन कवी गटे तरुणपणी, 1772 च्या उन्हाळ्यात, याच न्यायालयात वकिलीचा अनुभव घेण्यासाठी आला होता. होफश्टाट या चौकातील एका जुन्या घरात या न्यायालयाचे संग्रहालय आहे. आपल्याकडील वाचकाने ते चुकवू नये, कारण शेकडो छोटी राज्ये एकमेकांविरुद्धचे दावे कसे चालवीत असत, हे तेथे नीट समजते. आणि पुढे जिल्ह्याच्या वाट्याला आलेली तुटक भूमी कोठून आली, तेही तेथेच कळते. नगराचे स्वातंत्र्य 1803 मध्ये गेले व ते डालबेर्ग या राजपुरुषाकडे आले. 1810 पासून ते फ्रँकफुर्टच्या महासंस्थानात होते, आणि नेपोलियनच्या पाडावानंतर 1815 मध्ये प्रशिया या मोठ्या जर्मन राज्याने ते घेतले.

प्रशियाने 1816 मध्ये या भागात वेत्स्लार आणि ब्राउनफेल्स असे दोन जिल्हे केले आणि 1822 मध्ये त्यांचा एकच वेत्स्लार जिल्हा केला. त्यात जुने स्वतंत्र नगर होते, सोल्म्स घराण्याच्या दोन शाखांचा मुलूख होता आणि पूर्वी नासाउ या शेजारच्या संस्थानाकडे असलेली काही गावेही होती. हा सगळा प्रदेश प्रशियाच्या मुख्य भूमीपासून तुटलेला होता. त्याच्या सभोवती नासाउची डची आणि हेसेनचे महासंस्थान पसरले होते, आणि त्याचा कारभार मात्र दूर ऱ्हाइनकाठच्या कोब्लेंत्स येथील विभागीय कार्यालयातून चालत असे. लान नदी वाहत जाऊन ऱ्हाइनला मिळते ती कोब्लेंत्सच्या जवळच. पण कागद मात्र परक्या राज्यातून प्रवास करून तेथे पोहोचत. 1866 च्या युद्धानंतर प्रशियाने नासाउ जिंकून घेतले आणि वेत्स्लारचे तुटलेपण संपले. तरीही जिल्हा कोब्लेंत्सकडच्या ऱ्हाइन प्रांतातच राहिला, तो थेट 1932 पर्यंत. मूळ कारण नाहीसे झाल्यानंतरही एखादी व्यवस्था सहासष्ट वर्षे चालू राहू शकते, याचे इतके स्वच्छ उदाहरण मला दुसरे माहीत नाही.

या व्यवस्थेचा पुरावा मला दुपारी एका प्रोटेस्टंट चर्चच्या सूचनाफलकावर मिळाला. फलकावर 'ऱ्हाइनलांडमधील प्रोटेस्टंट चर्च' असे लिहिलेले होते. या धर्मसंस्थेचे मुख्यालय ड्युसेलडोर्फला, दुसऱ्या राज्यात आहे. एका बाजूला गीसेन, दुसऱ्या बाजूला डिलेनबुर्ग; ही दोन्ही शेजारची गावे हेसेन-नासाउच्या चर्चखाली येतात, ज्याचे मुख्यालय डार्मश्टाटला आहे. मधला वेत्स्लारचा पट्टा मात्र आजही ऱ्हाइनलांडकडे आहे. वेत्स्लार आणि ब्राउनफेल्स ही दोन चर्चमंडले 2019 मध्ये एकत्र आली, पण त्यांनी ऱ्हाइनलांडची साथ सोडली नाही. प्रशियाने 1816 मध्ये आखलेली रेषा सरकारने केव्हाच पुसली असली, तरी तिचा मोठा भाग चर्चने जपला आहे. गावोगावच्या चर्चच्या दारावरील फलक वाचत गेल्यास जुना जिल्हा बऱ्याच प्रमाणात पायी आखता येतो, आणि यासाठी कोणतेही तिकीट काढावे लागत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बसने ब्राउनफेल्सला गेलो. अंतर दहा-बारा किलोमीटरच आहे, परंतु गावात रेल्वे स्थानक नाही आणि सुट्टीच्या दिवशी बसच्या फेऱ्या कमी होतात, म्हणून परतीची वेळ आधी पाहून ठेवावी. डोंगरावरील किल्ला सोल्म्स-ब्राउनफेल्स घराण्याचा आहे आणि आतील भाग मार्गदर्शकाबरोबरच पाहता येतो. आजचे त्याचे टोकदार मनोऱ्यांचे रूप एकोणिसाव्या शतकातील पुनर्बांधणीचे आहे. येथे मला सर्वांत महत्त्वाची वाटली ती गावाची स्थिती. सहा वर्षे जिल्ह्याचे ठाणे असलेले हे गाव नंतर शेजारच्या जिल्ह्याचा एक भाग झाले, तरी राजघराण्याला काही कारभारी हक्क 1848 पर्यंत राहिले. म्हणजे वरवर एक जिल्हा दिसत असला, तरी आत दोन सत्ता नांदत होत्या.

1932 मध्ये प्रशियाच्या सरकारने खर्च वाचवण्यासाठी जिल्ह्यांची फेररचना केली. त्यावर्षी 1 ऑक्टोबर रोजी वेत्स्लार ऱ्हाइन प्रांतातून निघून हेसेन-नासाउ प्रांतात, वीस्बाडेन विभागात गेला, आणि बीडेनकोप्फ जिल्ह्यातील बीबर खोऱ्याच्या बाजूची काही गावे त्याला जोडली गेली. त्यांत वाल्डगिर्मेस हे गाव होते. पुढे तेथे उत्खननात एक रोमन वसाहत उजेडात आली आणि 2009 मध्ये सोन्याचा मुलामा दिलेले घोड्याचे कांस्य शिर मिळाले. वेळ असेल तर तेथे जरूर जावे.

युद्धानंतर 1945 मध्ये हा प्रदेश हेसेनमध्ये आला. मग 1970 च्या दशकातील जिल्हा फेररचना आली. पश्चिम जर्मनीत त्या काळात ग्रामीण जिल्ह्यांची संख्या सव्वाचारशेच्या आसपासवरून अडीचशेच्या आत आणली गेली. महाराष्ट्रात जिल्ह्यांची संख्या 1960 मधील 26 वरून 36 झाली, म्हणजे आपल्याला जिल्हे फुटण्याची सवय आहे. तेथे मात्र जिल्हे जोडले जात होते. 1 जानेवारी 1977 रोजी वेत्स्लार, गीसेन आणि डिलेनबुर्गचा डिल हे तीन जिल्हे मिळून लान-डिल जिल्हा झाला. त्याच दिवशी गीसेन आणि वेत्स्लार ही दोन शहरे, भोवतालच्या चौदा गावांसह, 'लान' नावाच्या एकाच शहरात विलीन केली गेली. फ्रँकफुर्ट आणि कासेल यांच्या मधल्या प्रदेशाला एक मोठे केंद्र मिळावे, हा नियोजनकारांचा हेतू होता. लोकसंख्या दीड लाखाहून थोडी अधिक भरली. नावे 'लान-गीसेन' आणि 'लान-वेत्स्लार' अशी पडली, आणि मोटारींच्या पट्ट्यांवर एकच 'एल' आला.

या हेतूत तथ्य नव्हते असे मी म्हणणार नाही. दोन्ही शहरांमध्ये अंतर पंधरा किलोमीटरच्या आसपास आहे आणि रस्ते, पाणी, बससेवा यांचा विचार एकत्र होणे योग्यच होते. परंतु वेत्स्लार हे साम्राज्याचे नगर, तर गीसेन हे हेसेनच्या संस्थानाचे विद्यापीठनगर. या दोघांची ओळख एका नदीच्या नावाखाली झाकून टाकताना तेथील लोकांची संमती घेतली गेली नाही, ही या फेररचनेची खरी चूक होती असे माझे मत आहे. दोन्ही शहरांत प्रखर विरोध झाला आणि मार्च 1977 च्या स्थानिक निवडणुकांत राज्यात सत्तेवर असलेल्या पक्षाला मोठा फटका बसला. 31 जुलै 1979 रोजी लान शहर विसर्जित झाले. एकूण एकतीस महिने ते अस्तित्वात होते. गीसेनला स्वतःचा जिल्हा परत मिळाला. वेत्स्लारला मिळाला नाही. ते लान-डिल जिल्ह्याचे मुख्य ठाणे झाले आणि डुटेनहोफेन, नाउनहाइम, गार्बेनहाइम यांसह आठ गावे शहरात आली.

'एल' हे अक्षर त्यानंतरही लान-डिल जिल्ह्याकडे राहिले. जर्मनीच्या एकीकरणानंतर ते लाइप्सिग शहराला द्यावे लागले आणि 'एलडीके' आले. 2012 मध्ये वेत्स्लार शहराला 'डब्ल्यूझेड' पुन्हा मिळाले. ते किती लोकांनी मुद्दाम घेतले आहे, हे स्थानकाबाहेर उभे राहून मोजून पाहावे. मी अर्धा तास मोजत होतो.

शेवटचा टप्पा म्हणून गीसेनहून बसने क्रोफडोर्फ-ग्लाइबेर्गला जावे. ग्लाइबेर्गच्या गढीवरून गीसेन शहर अगदी पायथ्याशी असल्यासारखे दिसते. 1816 पासून हे गाव प्रशियाच्या वेत्स्लार जिल्ह्यात होते, तर समोरचे गीसेन दुसऱ्या राज्यात. 1979 मध्ये शेजारच्या लाउन्सबाख आणि विस्मार यांच्यासह ते वेटेनबेर्ग या नव्या गावात आले आणि गीसेन जिल्ह्यात गेले. कोणत्या जिल्ह्याचे गाव, या प्रश्नाचे उत्तर येथे वर्ष विचारल्याशिवाय देता येत नाही.

ज्यांना कागदपत्रे पाहायची आहेत, त्यांनी हीच गोष्ट लक्षात ठेवून निघावे. मी आधी फक्त वीस्बाडेनच्या राज्य अभिलेखागाराची यादी तपासली होती आणि 1932 पूर्वीचे विभागीय पातळीवरचे कागद कोब्लेंत्सकडेही शोधायला हवेत, हे उशिरा ध्यानात आले. त्यामुळे एक दिवस वाया गेला. हेसेनच्या अभिलेखांची सूची आर्किन्सिस या संकेतस्थळावर घरबसल्या चाळता येते आणि लागिस या माहितीकोशात प्रत्येक गाव कोणत्या वर्षी कोणत्या जिल्ह्यात होते ते मिळते. तेथून गावाची कालरेषा लिहून घ्यावी, मग कोणत्या शहराचे तिकीट काढायचे ते ठरवावे. दस्तऐवज काही दिवस आधी मागवून ठेवावे लागतात. एकोणिसाव्या शतकातील नोंदी कुरेंट या जुन्या हस्तलिपीत आहेत, तेव्हा जाण्यापूर्वी आठ-पंधरा दिवस तिची अक्षरे गिरवून जावे. छापील जर्मन चांगली येणाऱ्यालाही ती सरावाशिवाय वाचता येत नाही.