पोरींच्या हातात क्रिम्पर

दहावी-बारावीचे निकाल लागले की आमच्या संस्थेत पालकांची वर्दळ सुरू होते. धरणगाव, पारोळा, पाचोरा, चोपडा, कुठकुठून लोक येतात. बरोबर मुलगा असला तर विचारतात, "मॅडम, लवकर नोकरी लागंल असं काय आहे?" मुलगी असली तर प्रश्न बदलतो, "हिला एका जागी बसून करता येईल असं काही?" मग एमएस-सीआयटी, टॅली, डीटीपी, नाहीतर आयटीआयचा कॉम्प्युटर ऑपरेटरचा कोर्स, कोपा. या कोर्सेसना मी नावं ठेवणार नाही. एमएस-सीआयटी २००१ साली सुरू झालं आणि आपल्याकडच्या कितीतरी बायकांनी पहिल्यांदा माऊस हातात धरला तो त्याच वर्गात. पण आज जळगावात एका डाटा एंट्रीच्या जागेला तीच दोन-तीन प्रमाणपत्रं घेऊन रांग लागते आणि पगार सांगताना मुलींचे आवाज बारीक होतात.

मी नेटवर्किंग शिकवते, म्हणजे कॉम्प्युटर आणि इतर यंत्रं एकमेकांना जोडून चालू ठेवण्याचं काम. त्याआधी बरीच वर्षं एमआयडीसीतल्या एका कारखान्याचं नेटवर्क सांभाळलं. त्या अनुभवावरून एक गोष्ट ठामपणे सांगते. मुलींना या कामात आणायचं असेल तर "मुली कुठेच कमी नाहीत" अशी भाषणं पुरेत आता. त्यांना खरा स्विच, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरच्या केबल एकत्र जोडणारा डबा, उघडायला द्या, बॅचची वेळ एसटीच्या वेळेला जुळवा आणि पहिलं काम मिळेपर्यंत त्यांच्या मागे उभे राहा. बाकीचं त्या करतात.

नेटवर्किंग म्हणजे नेमकं काय, हे बहुतेक घरांत माहीत नसतं. वायफायचा पासवर्ड टाकणं एवढीच कल्पना असते. म्हणून मी पालकांना आधी लॅबमध्येच नेते. यंत्रं बसवायची चौकट म्हणजे रॅक दाखवते, सगळ्या केबल येऊन मिळतात तो पॅच पॅनल दाखवते, केबलचं साल सोलून आतल्या आठ तारा दाखवते. पांढरी-केशरी, केशरी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. या क्रमाने तारा सरळ करायच्या, एका रेषेत कापायच्या, आरजे-४५ कनेक्टरमध्ये, म्हणजे केबलच्या टोकाच्या प्लगमध्ये, सरकवायच्या आणि क्रिम्पर नावाच्या पकडीने दाबायच्या. टेस्टरवर आठही दिवे ओळीने लागले की केबल तयार. तांब्याची ही केबल १०० मीटरपर्यंत चालते, त्यापुढे फायबर टाकावी लागते. एवढं पाहिलं की बापाच्या चेहऱ्यावरचा ताण जरा सैल होतो. हे काम त्यांच्या ओळखीचं असतं. मोटारीचा स्टार्टर, ठिबकची जोडणी, असलं काही ना काही त्यांनी स्वतः केलेलं असतं.

लोक म्हणतात, मुलींची बोटं नाजूक, म्हणून त्यांना क्रिम्पिंग चांगलं जमतं. मला हे अजिबात पटत नाही. सुरुवातीचे कनेक्टर सगळ्यांचेच वाया जातात, मुलांचे आणि मुलींचेही. सरावाने हात बसतो. बोटांचं कौतुक करणारे पुढे स्विचचं कॉन्फिगरेशन मुलांकडे देतात आणि मुलीला केबलवर लेबलं चिकटवायला बसवतात, हे मी पाहिलेलं आहे. माझ्या वर्गात दोन्ही कामं दोघांनी करायची.

केबल उंचावरून न्यायची तर शिडी आलीच, आणि तिचा प्रश्न मात्र हमखास येतो. एकदा पारोळ्याकडचे एक आप्पा लॅब बघून झाल्यावर म्हणाले, "मॅडम, मन्ही पोर शिडीवर चढी का? लोके काय म्हनतीन?" मी तोंड उघडायच्या आत मुलीची आई म्हणाली, "कापूस येचाले उनमा जास ती, तवय कोन्ही काय म्हनत नही." आप्पा हसले नाहीत, चिडलेही नाहीत. थोडा वेळ रॅककडे बघत राहिले आणि मग फी विचारली. ती मुलगी आज नाशिकला एका इंटरनेट कंपनीत आहे.

आता बसचं सांगते, कारण माझ्या मते निम्मा प्रश्न तिथेच अडकलेला आहे. आमची बॅच पूर्वी संध्याकाळी असायची. कॉलेज, नोकऱ्या सुटल्यावर लोक येतील हा हिशोब. वर्ग भरायचा, पण मुलांनीच. मुलींना आवड नाही, असं सगळ्यांनी ठरवूनही टाकलं होतं. मी बसस्टँडवर जाऊन वेळापत्रक उतरवून आणलं. आमचा वर्ग सुटतो तेव्हा आडगावांकडे जाणाऱ्या शेवटच्या गाड्या निघून गेलेल्या असतात, हे तिथे स्पष्ट दिसत होतं. बॅच सकाळी अकराला आणली आणि त्याच वर्षी वर्गात मुली दिसायला लागल्या. १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट झालं, त्याचा उपयोगही मी डोळ्यांनी पाहते. रोज येणं-जाणं परवडत नाही म्हणून मध्येच कोर्स सोडणाऱ्या मुली होत्या, त्यातल्या काही टिकल्या. शिकवण्याच्या पद्धतीवर आम्ही किती चर्चा करतो! बसचं वेळापत्रक वर्गाच्या दारावर लावायला मात्र कुणाला सुचत नाही.

दुसरी अडचण घरी सराव करण्याची. नेटवर्कची यंत्रं बनवणाऱ्या सिस्को कंपनीचं पॅकेट ट्रेसर हे सरावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. त्यात राउटर (एक नेटवर्क दुसऱ्याला जोडणारं यंत्र), स्विच, केबल सगळं पडद्यावर मांडून जोडता येतं आणि साध्या कॉम्प्युटरवरही ते चालतं. सिस्कोची नेटवर्किंग अकॅडमी १९९७ पासून आहे, तिच्यावरचे पायाभूत कोर्सही विनाशुल्क करता येतात. पण घरी लॅपटॉप असलाच तर तो भावाच्या हातात असतो आणि मोबाइलवर हा सराव नीट होत नाही. म्हणून रविवारी लॅब उघडी ठेवायची, एवढं मी संस्थेकडून मान्य करून घेतलं. मुली डबा घेऊन येतात आणि दुपारपर्यंत बसतात.

शिकवताना सगळ्यांत जास्त घाबरवतं ते सबनेटिंग, म्हणजे एका नेटवर्कच्या पत्त्यांची लहान भागांत वाटणी. बायनरी आकडे दिसले की वर्ग गप्प होतो. मी फळ्यावर शेत काढते. २५६ गुंठ्यांचं शेत, चार भावांत वाटणी, प्रत्येकाला ६४. पण प्रत्येक तुकड्यातला पहिला आणि शेवटचा गुंठा बांधात जातो असं धरा, तिथे पेरता येत नाही. उरले ६२. नेटवर्कचंही तसंच. २५६ पत्त्यांचे चार भाग केले तर प्रत्येक भागातला पहिला पत्ता त्या नेटवर्कची ओळख म्हणून जातो, शेवटचा ब्रॉडकास्टसाठी, म्हणजे सगळ्यांना एकदम संदेश पाठवायला, राखीव राहतो, आणि यंत्रांना द्यायला ६२ उरतात. वाटणीवरून घरात झालेली भांडणं ऐकत मोठ्या झालेल्या या मुली आहेत. हिशोब त्यांना लगेच कळतो.

पण खरी परीक्षा लॅबबाहेर. पाचोऱ्याची एक मुलगी माझ्याकडे शिकाऊ म्हणून होती. दिवाळीनंतरचा कापसाचा हंगाम. कापसातली सरकी काढणाऱ्या एका जिनिंगमधून फोन आला, सगळं नेटवर्क बंद, वजनकाट्यावरचा कॉम्प्युटर चालत नाही आणि बाहेर ट्रॅक्टरची रांग लागलीय. कॅमेरेवाल्याने आधीच बघून मोठा स्विच जळाला, नवीन घ्या, असं सांगून ठेवलं होतं. मी तिला पुढे केलं. तिने कॉम्प्युटरला हात न लावता आधी स्विचचे दिवे पाहिले. सगळ्या पोर्टचे, म्हणजे केबल खोचायच्या भोकांचे, दिवे एकाच वेगाने, न थांबता लुकलुकत होते. जळालेला स्विच असं करत नाही. तिने एकेक केबल काढायला सुरुवात केली. एक केबल निघाली आणि बाकीचे दिवे शांत झाले. ती केबल धरून ती हिशोबाच्या खोलीत गेली, टेबलाखाली वाकली. तिथे आठ पोर्टचा छोटा स्विच होता आणि एकाच केबलची दोन्ही टोकं त्यात खोचलेली होती. झाडताना मोकळं टोक लोंबकळताना दिसलं, म्हणून कुणीतरी रिकाम्या भोकात बसवून दिलं असणार.

याला लूप म्हणतात. सगळ्यांसाठी पाठवलेला एक संदेश स्विचमधून निघतो, त्या केबलने परत त्याच स्विचमध्ये येतो, पुन्हा निघतो. एका नेटवर्कमधून दुसऱ्यात जाणाऱ्या माहितीच्या पुडक्याला, म्हणजे आयपी पॅकेटला, आयुष्य ठरवून दिलेलं असतं, प्रत्येक राउटरवर ते एकाने कमी होतं आणि शून्य झालं की पॅकेट टाकून दिलं जातं. स्विचमधून ते ज्या पाकिटात जातं त्या इथरनेटच्या फ्रेमला अशी मर्यादाच नाही. ती फिरतच राहते, तिच्या प्रती वाढत जातात आणि खऱ्या कामाला वाट उरत नाही. यावरचा उपाय एका बाईने शोधलेला आहे. रेडिया पर्लमन, अमेरिकेतल्या डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमध्ये काम करत होत्या. १९८५ मध्ये त्यांनी स्पॅनिंग ट्री प्रोटोकॉल मांडला. स्विच आपापसांत बोलून ठरवतात की कोणती वाट चालू ठेवायची आणि कोणती बंद, म्हणजे लूप तयारच होत नाही. जगभरातल्या ऑफिसांतल्या स्विचमध्ये ही पद्धत आहे. टेबलाखालच्या स्वस्तातल्या डब्यांत ती बहुधा नसते, म्हणून त्या जिनिंगवर ही वेळ आली. परत येताना गाडीत मी तिला पर्लमनबाईंबद्दल सांगितलं. ती जागच्या जागी ताठ बसली. म्हणाली, "मॅडम, हे पुस्तकात का नाही लिहीत?" मी तेव्हापासून स्पॅनिंग ट्रीचा धडा त्यांच्या नावापासून सुरू करते.

त्या दिवशी निघण्याआधी तिने आणखी एक काम केलं. प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना क्रमांक लावले आणि कुठली केबल कुठे जाते याचा कागदावर नकाशा काढून काट्याच्या खोलीत चिकटवला. इतक्या वर्षांत तिथे कुणीच तो काढला नव्हता.

आपल्याकडे या कामाला तोटा नाही. भुसावळ-जळगावचा उन्हाळा ४५ अंशांवर जातो, पत्र्याखाली ठेवलेले स्विच बंद पडतात, यूपीएसच्या बॅटऱ्या लवकर मरतात. रोहिण्या बरसल्या की विजा कडाडतात आणि एका इमारतीतून दुसरीत नेलेल्या तांब्याच्या केबलमधून आलेला झटका दोन्हीकडची यंत्रं घेऊन जातो. तिथे फायबर टाकली तर काचेतून वीज जात नाही, एवढा साधा सल्ला देणारं माणूसही गावात नसतं. भारतनेटमधून ग्रामपंचायतींपर्यंत फायबर न्यायचं काम चाललंय, रस्तारुंदीकरणात जेसीबीने ती तुटतेही. केसासारखी बारीक काच साफ कापून मशीनवर जोडायला माणसं लागतात. दवाखाने, शाळा-कॉलेजं, पतपेढ्या, जिनिंग, गावोगावचे ब्रॉडबँडवाले... पुण्यालाच गेलं पाहिजे असं नाही.

पुण्या-मुंबईला जाणाऱ्या मुलींपुढे मात्र रात्रपाळी येते. मोठ्या नेटवर्कवर चोवीस तास लक्ष ठेवावं लागतं. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार रात्री साडेनऊ ते सकाळी सातपर्यंत स्त्रीला कामावर ठेवायचं तर तिची संमती लागते आणि तिच्या सुरक्षिततेची व जाण्या-येण्याची सोय मालकाने करायची असते. मी मुलींना हे कलम पाठ करायला लावते. मुलाखतीत गाडीबद्दल विचारताना संकोच करू नका, तुम्ही मेहेरबानी मागत नाही आहात. "आम्ही मुलींना फिल्डवर पाठवत नाही" असं तोंडावर सांगणारे लोकही भेटतात. माझ्या एका विद्यार्थिनीने तिथेच विचारलं, "मग बढती कुणाला देता?" फिल्डवर गेलेल्यालाच देतात, हे तिला माहीत होतं.

पालकांना माझं सांगणं आहे, फी भरण्याआधी लॅब बघा. किती मुलांमागे एक खरा स्विच आहे ते विचारा. नुसत्या स्लाइड दाखवून प्रमाणपत्र देणारे वर्ग आपल्या जिल्ह्यातही आहेत, तिथून आलेल्या मुलींना मला पहिल्यापासून शिकवावं लागलं आहे. सीसीएनएची, म्हणजे सिस्कोच्या नेटवर्किंगच्या प्रमाणपत्राची, घाई करू नका. परीक्षेची फी ३०० डॉलर, वर कर, आणि प्रमाणपत्राची मुदत तीन वर्षं. आधी सहा-आठ महिने हात चालू द्या, पहिला पगार येऊ द्या, मग स्वतःच्या पैशांनी परीक्षा द्यायची. डिप्लोमा किंवा इंजिनिअरिंगला जायची तयारी असेल तर जुलै २०२४ चा शासन निर्णय वाचा. वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या मुलींना केंद्रीभूत प्रवेशातून मिळालेल्या व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ आहे. पैसे नाहीत म्हणून मुलीला थांबवण्याआधी एकदा चौकशी करा.

आणि एमआयडीसीतल्या, जिनिंगमधल्या, दवाखान्यांतल्या मालकांना विनंती. तुमच्याकडे नेटवर्कचं काम निघालं की आमच्या दोन मुली आणि एक शिक्षक येऊ द्या. शिकण्याचे पैसे नकोत, चहाही नको, फक्त शिडी आणि स्वच्छतागृहाची किल्ली द्या. किल्ली मागायला लाज वाटते म्हणून दिवसभर पाणी न पिणाऱ्या मुली मी पाहिल्यात. पुढच्या बॅचसाठी फायबर जोडायचं मशीन काही दिवस भाड्याने आणायचं ठरलं आहे. कुणाकडे तुटलेल्या केबलचे जुने तुकडे पडले असतील तर फेकू नका, सरावाला आम्हाला हवे आहेत.