दोन महिने पुरणारं इंजेक्शन, म्हणून चाचणीही दोन महिने

गुरांच्या जंत-गोचिडांवर एकदा टोचलं की दोनेक महिने बघायला नको, असं आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन बनवायचं काम आमच्या गटाकडे आलं. औषध बनवणं तसं लवकर जमलं. पीएलजीए हे पॉलिमर, म्हणजे लॅक्टाइड आणि ग्लायकोलाइडच्या लांब साखळ्या, एन-मिथाइल पायरोलिडोन या द्रावकात विरघळवायचं, त्यात औषध घालायचं. कातडीखाली गेल्यावर पाणी लागून त्याचा गोळा बनतो आणि त्यातून औषध झिरपत राहतं.

घोडं अडलं रिलीज टेस्टपाशी, म्हणजे गोळ्यातून रोज किती औषध बाहेर येतं ते मोजण्यापाशी. ३७ अंशांच्या शेकर बाथमध्ये (हलत्या गरम पाण्याच्या टाकीत) गोळा आणि बफर (आम्लता स्थिर ठेवणारं पाणी) घातलेल्या बाटल्या ठेवायच्या, ठरल्या दिवशी नमुना काढायचा आणि वाट बघत बसायचं. पॉलिमरचं प्रमाण जरा बदललं की पुन्हा पहिल्यापासून! मीटिंगमध्ये साहेबांचा ठरलेला प्रश्न: "ग्राफ कुठवर आला?" अहो, तारखेच्या पुढे कसा जाईल तो? मग "तापमान वाढवा ना" हा सल्ला. ५० अंशांना पॉलिमर मऊ पडतं, साखळ्या भराभर तुटतात, आणि पहिल्या दिवशी औषधाची जी उसळी येते तिचं रूपच बदलतं. दोन बॅचची तुलना करायला ते ठीक आहे, पण ३७ अंशांची टेस्ट त्याने टळत नाही.

त्यात आयव्हरमेक्टिन पाण्यात विरघळायलाच तयार नसतं, म्हणून बफरमध्ये सोडियम लॉरिल सल्फेट हा साबणासारखा पदार्थ घाला. प्लॅस्टिकला औषध चिकटतं, तेव्हा बाटल्या काचेच्याच घ्या. झाकणं घट्ट हवीत आणि बाटल्यांचं वजन करत राहा. पाणी उडालं की आकडे उगाच फुगतात. आमच्या एका संचात पांढऱ्या गोळ्याभोवती बुरशीचे तंतू तरंगताना दिसले आणि आठवड्यांची मेहनत वाया गेली. तेव्हापासून बुरशी रोखायला बफरमध्ये किंचित सोडियम अझाइड. ते विषारी आहे, आणि मोरीत तर अजिबात ओतू नका. तांब्या-शिशाच्या पाइपांत त्याचे स्फोटक क्षार बनतात.

एकाच वेळी ५०:५० आणि ७५:२५ अशी दोन्ही लॅक्टाइड-ग्लायकोलाइड प्रमाणं लावा. दुसरं जास्त टिकतं, आणि निदान वाट तरी एकदाच बघावी लागते.

हे खरं तर आधी सांगायला हवं होतं: गामा किरणांनी निर्जंतुक करणार असाल तर टेस्ट त्यानंतरच्याच मालावर घ्या. किरणांनीही साखळ्या तुटतात, आधीचे ग्राफ मग रद्दीत. आणि व्हायल फ्रिजमध्ये ठेवून गार औषध १८ गेजच्या सुईतून दाबून बघा. थंडीत, लाथा झाडणाऱ्या कालवडीपाशी उभ्या डॉक्टरांना तेच करायचं असतं.